अठरा तास अभ्यास, पण झोप किती?

मागच्या भीमजयंतीला आपल्या रेणापूर तालुक्यातल्या एका वस्तीत 'अठरा तास अभ्यास' हा उपक्रम होता. सकाळी सहाला बुद्धवंदना झाली आणि पोरे-पोरी विहारात पुस्तके घेऊन बसली. रात्री बारापर्यंत बसायचे होते. एप्रिलचे ऊन, वर पत्रे. कुणाला चक्कर आली तर असावे म्हणून मला बोलावले होते. मी ओआरएसची पाकिटे आणि बीपीचे मशीन घेऊन एका कोपऱ्यात बसले होते.

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास अकरावीतली एक मुलगी पुस्तकावर डोके टेकवून गाढ झोपली. बाजूची पोरे हसायला लागली. तिची आई दाराशीच होती, ती ओशाळली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, ही लई झोपाळू हाय बघा. क्लासमदीबी झोपती म्हणं. हिला एखादं टॉनिक सांगा."

मी विचारले, "रात्री झोपते किती वाजता?"

"बारा-साडेबारा होत्यात. अभ्यास, मंग जरासा मोबाइल."

"आणि उठते कधी?"

"चारला. नळ यायचा आसला की साडेतीनला. पाणी भरून मंग सहाच्या गाडीनं लातूरला क्लास."

मी त्या माउलीला सांगितले, बाई, हिला टॉनिक नको. ही आजारी नाही आणि आळशी तर मुळीच नाही. या वयाच्या लेकराला रात्री आठ ते दहा तास झोप लागते. हिला साडेतीन-चार तास मिळते. राहिलेली झोप शरीर कुठे ना कुठे वसूल करणारच. आज ती विहारात वसूल केली, एवढेच.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. आरोग्याच्या पानावर आपण रक्तदाब, साखर, क्षयरोग, पाळी यांवर बोललो आहोत. झोपेवर बोललो नाही. झोप हा आजारच वाटत नाही आपल्याला. उलट जो कमी झोपतो त्याचे कौतुक होते आणि जो झोपतो त्याला आपण कुंभकर्ण म्हणतो.

माझी एक चूक

झोप म्हणजे काय हे मला नर्सिंगच्या पुस्तकाने कमी आणि नाइट ड्युटीने जास्त शिकवले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका खासगी दवाखान्यात होते. वॉर्ड भरलेला, आम्ही दोघी सिस्टर. सलग सातवी रात्र होती. दिवसा घरी गेले तर स्वयंपाक, धुणे आणि लहान लेकरू. झोप मिळेल ती तीन तास.

पहाटे चारला एका पेशंटचे इंजेक्शन भरायला घेतले. पावडर विरघळवण्यासाठी साध्या पाण्याची अॅम्प्यूल घ्यायची होती. शेजारीच पोटॅशियमची अॅम्प्यूल होती, दिसायला जवळपास तशीच. ती मी उचलली, मान तोडली, सिरिंजमध्ये ओढायला लागले. सोबतच्या सिस्टरने हात धरला. "काय घेतलंस बघ." पोटॅशियम असे थेट शिरेत गेले तर माणसाचे हृदय बंद पडू शकते. मला वाचता येत होते, डोळे उघडे होते, औषधे पाठ होती. तरीही मेंदूने पाहिले नाही.

त्या रात्री पेशंट वाचला तो सोबतच्या सिस्टरमुळे. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला निष्काळजी म्हणत राहिले. फार नंतर कळले की हे मोजून पाहिलेले आहे. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात, नजर आणि निर्णय रक्तात १०० मिलीलिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखे चालतात. आपल्याकडे गाडी चालवताना ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा होतो. म्हणजे पहाटे तीनला उठून रात्री आठला मोटारसायकल चालवत गावाकडे निघालेला आपला भाऊ थेंबभरही न पिता त्या हद्दीच्या पलीकडे गेलेला असतो. त्याला कुणी अडवत नाही, कारण त्याच्या तोंडाला वास येत नाही.

झोपेत शरीर काय करते

झोपेत शरीर बंद पडते असे आपल्याला वाटते. तसे नाही. दिवसभर शिकलेले मेंदू झोपेतच लावून ठेवतो, बाई रात्री भांडी घासून जागच्या जागी लावते तसे. लेकरांच्या वाढीचे हार्मोन गाढ झोपेत जास्त सुटते. रक्तदाब रात्री खाली येतो आणि हृदयाला तेवढाच विसावा मिळतो. जखम भरणे, तापाशी लढणे ही कामेही झोपेच्या आधाराने चालतात.

शरीरात एक घड्याळ असते. ते उजेड-अंधारावर चालते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे फिरते हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७चे नोबेल मिळाले. अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन नावाचे रसायन सोडतो, ते शरीराला रात्र झाल्याचे सांगते. डोळ्यांपुढे मोबाइलचा उजेड धरला की ते कमी सुटते. अंग अंथरुणावर, पण मेंदूला अजून दिवसच वाटतो.

किती झोप हवी? मोठ्या माणसाला रोज किमान सात तास. तेरा ते अठरा वयाच्या पोरांना आठ ते दहा. सहा ते बारा वयाच्या लेकरांना नऊ ते बारा. तीन ते पाच वर्षांच्या लेकराला दुपारची धरून दहा ते तेरा.

ही झोप महिनोन्महिने मिळाली नाही तर रक्तदाब वाढतो. इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यामुळे साखर वाढते. भूक वाढवणारे हार्मोन चढते आणि पोट भरल्याचे सांगणारे उतरते, म्हणून जागरण झालेला माणूस सारखा गोड चहा आणि वडापाव मागतो. चिडचिड वाढते, लेकरांवर हात उठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर २००७ सालीच रात्रपाळीचे काम कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकले आणि २०१९ला पुन्हा तपासून ते तिथेच ठेवले.

शिबिरात बीपी वाढलेली बाई आली की आम्ही मीठ कमी कर म्हणतो, गोळी चालू ठेव म्हणतो. ती रात्री किती झोपते हे आम्ही विचारत नाही. यापुढे विचारायला हवे.

आपली झोप कोण नेते?

शहरातल्या मासिकांत झोपेवर लेख येतात. मोबाइल बाजूला ठेवा, खोली थंड ठेवा, मऊ गादी घ्या. हे चूक नाही. पण आपल्या वस्तीची झोप फक्त मोबाइलने नेलेली नाही. ती मोबाइलच्या आधीपासून जाते आहे.

पहिले पाणी. लातूर जिल्ह्याला हे सांगायची गरज नाही. २०१६च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावावे लागले आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या गाडीचे फोटो देशभर छापले. घागरी रांगेत लावून बायांनी किती रात्री काढल्या, हे मात्र कुणी मोजले नाही. आजही कित्येक वस्त्यांत नळ येतो तो रात्री किंवा पहाटे, आणि नेमका कधी ते ठरलेले नसते. मग घरातली बाई कान उघडे ठेवून झोपते. अशी झोप अंगाला लागत नाही.

दुसरे काम. ऊसतोडीला गेलेला कोयता पहाटे तीन-चारला फडावर असतो. रात्री ट्रक आला तर भरायला पुन्हा उठायचे. त्यातली बाई त्याच्याही आधी उठून भाकरी थापते आणि सगळ्यांच्या मागून आडवी होते. उचल घेतलेली असते, मुकादमाला नाही म्हणता येत नाही. इकडे शेतीला थ्री-फेज वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री. रात्रीची पाळी आली की मालक घरात झोपतो आणि सालगडी बॅटरी घेऊन दारे धरायला जातो. साप-विंचवाची भीती वेगळीच. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७पासून सरकारची सौर कृषी वाहिनी योजना आहे. ती आपल्या भागात कुठवर आली, हा प्रश्न जसा शेतकऱ्याचा आहे तसा सालगड्याच्या झोपेचाही आहे. शहरात गेलेले आपले लोक पहाटे झाडू मारतात, रात्री एटीएमपुढे आणि बांधकामावर वॉचमन म्हणून बसतात. बाकीचे जग झोपावे म्हणून जागणाऱ्यांत आपली माणसे पुष्कळ आहेत.

तिसरे घर. एका खोलीत सहा माणसे. मे महिन्यात पत्रा मध्यरात्रीपर्यंत तापलेला. डास. एक खोकला की सगळे जागे.

चौथे आवाज. लग्न, वरात, मिरवणूक, कुणाची ना कुणाची जयंती. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद असला पाहिजे, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. वर्षातल्या मोजक्या दिवसांना सरकार बारापर्यंत सवलत देते, तेवढीच. इथे आपणही आरशात पाहिले पाहिजे. दुसऱ्यांच्या डीजेवर बोट ठेवायचे तर आपला डीजेही दहाला बंद हवा. बाळंतीण, तान्हे लेकरू, हृदयाचा पेशंट आपल्याही गल्लीत असतात.

पाचवी काळजी. गटाचा हप्ता, फायनान्सवाल्याचा हप्ता, पोरीचे लग्न, पोराची नोकरी. १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा मी शाळेत होते. घर धड उभे होते तरी आम्ही कितीतरी रात्री अंगणात पडून आभाळ बघत काढल्या. भीतीने झोप कशी जाते हे त्या पिढीला माहीत आहे. हप्त्याची भीती तशीच असते, फक्त तिला घर पडल्याचा आवाज नसतो.

आणि सहावा तो मोबाइल. त्याला मी सोडत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या कामात गेलेल्या माणसाला रात्री अकरानंतरचा एक तास स्वतःचा वाटतो. त्या तासात तो रील बघतो. मला ते समजते. पण तो एक तास दोन होतो आणि सकाळ काही पुढे सरकत नाही.

बाबासाहेबांचे अठरा तास

आता ज्यावर बोलायला मला जरा धीर गोळा करावा लागला ते बोलते.

बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. जयंतीला एक दिवस अठरा तास बसून लेकरांनी त्यांना मानवंदना द्यावी, याला माझा विरोध नाही. पोरांना आपण बसू शकतो हा विश्वास मिळतो. पण त्या एका दिवसाचा आपण वर्षभराचा नियम करून टाकला आहे. नीटच्या अभ्यासाला लावलेल्या पोरीला बाप म्हणतो, "बाबासाहेब झोपले का?" लेकरू गप्प बसते. याला उत्तर कोण देणार?

उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे. त्यांच्यावर वेळच तशी होती. परदेशात राहायला पैसा मोजका, मुदत मोजकी, आणि मागे एक सबंध समाज वाट बघत होता. ती त्यांची निवड नव्हती, गरज होती. तिची किंमत त्यांच्या शरीराने दिली. १९४७-४८च्या काळात, संविधानाचे काम सुरू असताना, त्यांना झोप येत नव्हती, पायांत कळा होत्या, साखरेसाठी इन्सुलिन घ्यावे लागत होते. उपचारासाठी ते मुंबईला आले, तिथे डॉ. शारदा कबीर यांची भेट झाली आणि एप्रिल १९४८मध्ये त्या माईसाहेब झाल्या. आपल्या वाट्याचे जागरण बाबासाहेबांनी करून ठेवले आहे. त्यांच्या लेकरांना पुन्हा त्याच आजारांकडे ढकलणे ही मानवंदना होत नाही.

आणि कामगाराच्या विसाव्यासाठी बाबासाहेबांनी काय केले तेही आठवू. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९४६ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याआधी जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने गिरणी कामगारांना १८९०मध्ये रविवारची सुट्टी मिळाली होती. म्हणजे कष्टकऱ्याला विसावा मिळाला पाहिजे, ही मागणी आपल्याच चळवळीची आहे. ती कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली. ऊसाच्या फडावर, सालगड्याच्या रानात आणि घरातल्या चुलीपर्यंत ती अजून पोहोचायची आहे.

शरीराला छळून ज्ञान मिळत नाही, हे सिद्धार्थाने उपास-तापास सोडले तेव्हाच सांगितले. मध्यम मार्ग झोपेलाही लागू आहे.

पालकांनी एक साधा हिशेब करावा. दिवसाचे २४ तास. अठरा तास अभ्यास म्हटला तर उरले सहा. त्यातून आंघोळ, जेवण, येणे-जाणे काढा. झोपेला चार उरतात. चार तास झोपून वाचलेले डोक्यात राहत नाही, कारण ते पक्के करण्याची वेळच तुम्ही कापली. दहा तास नीट वाचून आठ तास झोपलेले लेकरू परीक्षेत पुढे असेल.

मग करायचे काय?

घरात होण्यासारखे आधी.

पाणी भरण्याची पाळी लावा. रोज तीच बाई आणि तीच पोरगी का उठते? एक दिवस बाप, एक दिवस भाऊ. ज्या घरात अभ्यास करणारे लेकरू आहे तिथे परीक्षेच्या महिन्यात त्याला पाळीतून सोडा, मुलगा असो की मुलगी.

उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवा. झोपायच्या तासभर आधी मोबाइल दुसऱ्या कोपऱ्यात चार्जिंगला लावा. दुपारी चारनंतर चहा नको, त्याचा अंमल कित्येक तास राहतो. मशेरी आणि तंबाखू लावून झोप लागते हा गैरसमज आहे. त्यातले निकोटिन मेंदूला जागे ठेवते. दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते.

रात्री जागावेच लागते त्यांनी दुपारी अंधाऱ्या जागी पडावे, आणि घरच्यांनी त्या वेळी त्यांना उठवू नये. वीस मिनिटांची डुलकीही कामाला येते. तिला आळस म्हणू नका. पत्र्यावर उन्हाळ्याच्या आधी पांढरा चुना मारा, घर थोडे तरी कमी तापते. मच्छरदाणी घ्या.

आता दवाखान्याचे. अंथरुणावर पडले की पायात वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, असे बऱ्याच बाया सांगतात. हे अंगात लोह कमी असल्यानेही होते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायांना रक्तक्षय आहे. तेव्हा रक्त तपासून घ्या. घरातला माणूस मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकतो आणि दिवसा पेंगतो, तर ती गाढ झोप नव्हे. त्याला डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका, त्यांची सवय लागते. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जीव रमत नाही, नको नको ते विचार येतात, तर लपवू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येते.

वस्तीत होण्यासारखे तीन ठराव आहेत, ते येत्या पौर्णिमेला विहारात मांडा. एक, विहारातली अभ्यासिका रात्री दहाला बंद. दोन, दहानंतर लाऊडस्पीकर नाही, आपल्या कार्यक्रमातही नाही. तीन, नगरपंचायत असो की ग्रामपंचायत, तिला सह्यांचे निवेदन द्यायचे की नळाची वेळ ठरवून कळवा आणि ती दिवसा उजेडी ठेवा. आपण निवेदन देतो ते पाणी किती मिळावे याचे. ते कधी मिळावे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. उद्या ऊसतोडीचा करार करताना पहाटेच्या वेळेचा आणि रात्रीच्या भरणीचा प्रश्नही टोळीने मिळून विचारला पाहिजे. एकट्याने विचारला तर मुकादम ऐकणार नाही.

त्या मुलीचे सांगून थांबते. तिच्या आईने माझे सगळे ऐकले आणि म्हणाली, "पर ताई, पाणी कोण भरल?" खरा प्रश्न तोच होता. तिचा भाऊ शेजारीच उभा होता, बारावी होऊन घरीच असलेला. मी त्याच्याकडे पाहिले. तो मान खाली घालून म्हणाला, "आठवड्यातून चार दिवस मी उठतो." मागच्या महिन्यात चौकशी केली. चारचे तीन झालेत, पण तो उठतो. मुलगी रात्री अकराला झोपते आणि त्या तीन दिवशी साडेपाचपर्यंत झोपते. आठ तास अजून झालेले नाहीत. क्लासमध्ये डोळा लागत नाही म्हणाली.

या जयंतीला अठरा तास अभ्यास जरूर ठेवा. दुसऱ्या दिवशी लेकरांना पोटभर झोपू द्या.

जय भीम.